बाई मुराळी

मी तिसरी शिकलो. चौथीत गुरुजींनी विनाकारण छडी मारली म्हणून पाटी घेऊन घरी आलो, ती परत नेली नाही. बापाने पुष्कळ समजावलं. नाही म्हणजे नाही. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघाल्या तर त्या गुरुजींच्या खात्यावर टाका.

लिहायला बसलो ते धाकट्या भावामुळे. तो दर लग्नकार्यात आमच्या शर्यतीची गोष्ट सांगतो आणि दर वेळी मला आधीपेक्षा जास्त हरवतो. मागच्या हळदीत तर त्याने मला साक्रीच्या स्टँडवर रडवलं. मी साक्रीला रडलेलो नाही. म्हणून खरं काय ते एकदा मीच लिहून ठेवतो. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण इथे जमेल तेवढं पुस्तकी लिहिलं आहे. व्याह्याचं बोलणं मात्र तसंच ठेवलंय, ते पुस्तकी केलं तर व्याही राहायचा नाही.

धुळ्यात माझं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नात मुलीला देतात त्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पाण्याची पिंपं. दिवसभर पत्रा कापायचा, ठोकायचा. घर मागेच. घरात मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आम्हा दोघा भावांना एकेक मुलगी, दोघींची लग्नं झालेली. भावाची नशिराबादला दिलेली, माझी साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका खेड्यात. पोरी गेल्यावर घर फार शांत झालं म्हणून भावाने टीव्ही आणला. नव्वदच्या नंतरची गोष्ट. मी म्हटलं, या डब्यापेक्षा माझी पेटी बरी, तिच्यात निदान काही ठेवता येतं. पण केबलची तार गल्लीत आली तशी ती आमच्याही खिडकीतून आत आली.

रविवारी त्यावर प्रवासाच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम लागायचा. चार-पाच जोड्या असायच्या. त्यांना एका गावातून दुसऱ्या गावाला सोडायचे. खिशात थोडेच पैसे. विचारत विचारत, बस-ट्रक-बैलगाडी मिळेल ते धरून जायचं, आणि पुढचं गाव कोणतं ते आधीच्या ठिकाणी पोचल्यावरच कळायचं. जोडीतले दोघं मिळून पोचले तरच धरायचे. शेवटी येईल ती जोडी घरी.

मला तो कार्यक्रम पटायचा नाही. मी म्हणायचो, "रस्ता हरवला तर कॅमेरावाल्याला विचारतील. तो मागे आहेच की."

बायको म्हणायची, "अहो, गप बसा ना जरा. पोचल्या का त्या?"

त्या म्हणजे एक मायलेकीची जोडी. आई पन्नाशीची, जाडसर, चप्पल घासत चालणारी. मुलगी कॉलेजातली. आमच्या बायकोचा सगळा जीव त्या दोघींत. लाइट गेली की ती शेजारच्या आळीत पळायची, तिथे वेगळ्या तारेवर लाइट असायची. एका रविवारी त्या मायलेकी कुठल्याशा वाळवंटातल्या खेड्यात पाणी मागायला थांबल्या. तिथल्या बाईने पाणी दिलं आणि भाकरी टाकायला बसली. आई म्हणाली, आता उठून कसं जायचं? जेवल्या. तेवढ्यात बस गेली. सगळ्यांत शेवटी पोचल्या, बाद झाल्या.

बायकोने डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "टीव्हीतल्या बाईसाठी रडतेस?"

ती म्हणाली, "हरल्या तर हरल्या. निघाल्या तरी होत्या."

ते मला होतं. मी उठून दुकानात गेलो आणि उगीच एक पत्रा ठोकत बसलो.

आता त्याच्या मागची गोष्ट सांगितली पाहिजे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक पोर तेव्हा माहेरी येते. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आमरसावर हात मारतात. पुरुष उघड्यावर पत्ते कुटतात, त्या दिवशी कोणी काही बोलत नाही. पण पोर आपली आपण येत नाही. माहेरचा बाप नाहीतर भाऊ न्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात, आमच्या बोलीत मुराई. मुराळी दारात आला की सासरचे त्याला जेवू घालतात, टॉवेल-टोपी देतात आणि सून त्याच्याबरोबर धाडतात. मुराळी आला नाही तर पोर आली नाही.

त्याच्या आधी दोन आखाजींपूर्वी मी मुराळी म्हणून गेलो होतो. व्याह्याचा कांदा निघायचा होता. तो म्हणाला, चार दिवस थांबा, कांदा पडू द्या घरात, मग न्या. चार दिवसांनी आखाजी होऊन जाणार. मी गल्लीत सांगून निघालो होतो की उद्या पोर घेऊन येतो. मी म्हटलं, आलोय तर घेऊनच जाईन. तो म्हणाला, या घरात मी म्हणेन ते. दिलेलं पाणी मी तसंच ठेवलं, तांब्याला हातही लावला नाही, आणि भर अंगणात बोललो की यापुढे या दारात मुराळी म्हणून पाय ठेवणार नाही. चूक त्याची होती. आजही तेच म्हणतो.

ती आणि पुढची, अशा दोन आखाजी पोरीशिवाय गेल्या. भाऊ म्हणाला, दादा, मी जातो. मी म्हटलं, माझ्या घरातून तू गेलास म्हणजे मीच गेलो. जायचं नाही. जावई गरीब स्वभावाचा, बापापुढे तोंड उघडत नसे. पोर मधे एका लग्नाला येऊन गेली, पण आली तशी नवऱ्याबरोबर परत. आखाजीला गल्लीतल्या पोरी झोक्यावर बसल्या की आमची बायको दार लोटून घ्यायची. मला काही म्हणायची नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तर मायलेकी बाद झाल्या त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या जोड्यांना नावं ठेवत बसलो होतो. भाऊ म्हणाला, "दादा, तू गेला असतास तर जिंकला असतास?"

"डोळे मिटून."

"पत्र्याच्या दुकानापलीकडे गेलायस का कधी?"

"तू सांग गाव. कुठलंही सांग."

"बरं," भाऊ मांडी सावरून बसला. "आखाजी आलीच आहे. आपल्या दोन जोड्या. मी आणि ही, तू आणि वहिनी. माहेरवाशीण घेऊन जी जोडी आधी घरी येईल ती जिंकली. मी नशिराबादला माझ्या पोरीकडे जाणार. तुझं गाव वहिनी सांगेल, स्टँडवर गेल्यावर. टीव्हीतल्यासारखं. आधी विचारायचं नाही."

त्याची बायको म्हणाली, "भाऊजी नाही म्हणतील बघा. उन्हाळा आहे, गुडघे आहेत."

"गुडघे तुझ्या नवऱ्याचे," मी म्हटलं. "ही सांगेल त्या गावाला जाईन. शब्द दिला."

मला वाटलं होतं, जामनेरला धाडतील. तिथे माझी बहीण दिलीय, तीही आखाजीला येते. नशिराबादच्या तोडीला जामनेर बरोबर बसतं. बायको स्वयंपाकघरात होती. तिने बाहेर डोकावूनही पाहिलं नाही. त्या तिघांचं आधीच ठरलं होतं, हे मला पुढे कळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही चौघं धुळ्याच्या स्टँडवर. भाऊ आणि त्याची बायको जळगावच्या गाडीत चढले, खिडकीतून हात हलवून मला चिडवून घेतलं. मी बायकोला म्हटलं, "हं, सांग. जामनेर ना? यांच्याच गाडीने जळगावपर्यंत जाऊ."

ती म्हणाली, "साक्री."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"साक्री," ती पुन्हा म्हणाली. "आणि तिथून पुढे आपल्या पोरीच्या गावाला."

"मी मुराळी म्हणून तिथे पाय ठेवणार नाही, तुला माहीत आहे."

"तुम्ही शब्द दिलाय. ही सांगेल त्या गावाला जाईन. जाऊबाईंनी ऐकलंय, भाऊजींनी ऐकलंय."

एकीकडे एक शब्द, दुसरीकडे दुसरा. दोन्ही माझेच. भावाची गाडी फाटकातून बाहेर पडत होती आणि तो पठ्ठ्या मागच्या काचेतून अंगठा दाखवत होता. मी साक्रीच्या गाडीकडे चालू लागलो. बायको मागून म्हणाली, "हळू चला, चपलेचा अंगठा तुटलाय माझ्या."

कुसुंबा गेलं, नेर गेलं. बायको खिडकीशी बसून सगळं बघत होती. लग्नानंतर तिचा प्रवास म्हणजे माहेर आणि दवाखाना. मी तिला म्हटलं, "मी गावाबाहेर फाट्यावर थांबेन. तू जा आणि पोरीला घेऊन ये."

"दोघं पोचलो तरच धरतात."

"ते टीव्हीत."

"मग शर्यत कुठली आहे?" ती म्हणाली.

साक्रीहून जीपने फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. व्याह्याचं घर गावाच्या टोकाला, पुढे मोठं खळं. खळ्यात कांद्याचे ढीग आणि ढिगांभोवती बायका विळ्यांनी कांद्याच्या पाती छाटत बसलेल्या. त्यांत आमची पोर. डोक्याला फडकं, अंगावर मातीच माती. तिने आधी आईला पाहिलं आणि अर्धवट उठली. मग मला पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिली, विळा हातात.

व्याही खाटेवर होता. उठला. उंच माणूस, माझ्यापेक्षा एक वीत जास्तच. मिशा पिकलेल्या. म्हणाला, "या."

मी म्हटलं, "आलो."

"मुराई म्हनीसन वनात का?"

"नाही," मी म्हटलं. "मुराळी म्हणून नाही."

"मंग काय म्हनीसन?"

"स्पर्धक म्हणून."

व्याह्याने माझ्याकडे बघितलं, ऊन लागलंय का या माणसाला, अशा नजरेने. मग म्हणाला, "तुमनी शपथ तुमनापाशी. आमनी रीत आमनापाशी. मुराई नही तं पोर आठेच राही."

झालं. मुराळी आहे म्हटलं तर माझा शब्द मोडतो, नाही म्हटलं तर पोर राहते. खळ्यातले सगळे विळे थांबले होते. मी पोरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि पुन्हा कांदा छाटायला घेतला. तिचा हात भराभर चालत होता, जसा माझा पत्र्यावर चालतो राग आला की. तेव्हा मला खरंच वाटलं, ही आता येत नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही.

बायको माझ्या मागे उभी होती. तिने पिशवी माझ्या हातात दिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुढे झाली.

"मुराई मी आहे," ती म्हणाली. "हे माझ्या सोबतीला आलेत."

व्याही म्हणाला, "बाई मुराई? आमना गावमा आसं कधी व्हयनं नही."

"आमच्याही नाही. पण टीव्हीत बाया कुठून कुठे जातात. एक मायलेकीची जोडी तर वाळवंटात जाऊन आली. मी धुळ्याहून साक्रीला येऊ नको? माझी पोर आहे, पोटची. बाप न्यायला येऊ शकतो, भाऊ येऊ शकतो, आणि जिने जन्माला घातली ती नाही?"

मग व्याह्याने मिशीवरून हात फिरवला.

"ती मायलेकनी जोडी? भाकर खाता खाता बस चुकनी ती?"

"तीच."

"माले बी वाईट वाटनं," व्याही म्हणाला. त्याच्या चावडीवरही तो कार्यक्रम लागत होता तर! "बाई जेवाले वाढस, आनि उठीसन जानं? बरोबरच करं तिनी."

"मग?" बायको म्हणाली.

"मग काय," आता बोलली ती विहीणबाई. ती दारात कधीची उभी होती. "दर आखाजीच्या आधी तुमची पोर पिशवी भरून ठेवते. दोन वर्षं मी ती रिकामी होताना बघते. न्या तिला. कांदा काय, निघेल."

विळा खाली टाकल्याचा आवाज आला. पोर आत पळाली आणि लगेच बाहेर आली, हातात पिशवी, तोंड तसंच मातीने भरलेलं. आईच्या गळ्यात पडली. माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहिली. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. आता माझ्याकडे दोन पिशव्या झाल्या. "वजन काय भरलंयस एवढं?" असं काहीतरी मी म्हणालो असेन.

मी म्हटलं, "चला, तीनची गाडी आहे साक्रीहून. भाऊ परतीच्या वाटेला लागला असेल."

व्याही म्हणाला, "जेवाशिवाय मुराई जास नही."

"आमची शर्यत आहे."

"व्हई. आधी जेवा."

बायको म्हणाली, "आता उठून कसं जायचं?" आणि खाली बसली. मला त्या टीव्हीतल्या बाईची आठवण झाली.

चूल पेटेपर्यंत वेळ होता. बायकोने आपणहून एक विळा उचलला आणि ढिगाला बसली. मग मला काय उभं राहता येतं? मीही बसलो. व्याही माझ्या समोर बसला. मी एक छाटला की तो एक छाटायचा. मी जरा जोर लावला, त्यानेही लावला. पत्र्याची कात्री चालवलेला हात माझा, पण कांदा पत्र्यासारखा सरळ नसतो. जेवायला हाक आली तेव्हा त्याच्यापुढचा ढीग मोठा होता. तो म्हणाला, "तुमना बी बरा शे." मी म्हटलं, "तुमच्या विळ्याला धार नाही." तेवढ्यावर आमची ती जुनी गोष्ट मिटली. पाणी आणून दिलं तेव्हा मी प्यालो.

जेवण झाल्यावर विहीणबाई आणि व्याही यांचं दारामागे भांडण लागलं. मुराळीला टॉवेल-टोपी द्यायची रीत. विहीणबाई म्हणे, बाईला टोपी कसली देता, लुगडं द्या. व्याही म्हणे, लुगडं विहिणीला देतात, मुराईला टोपीच. लुगडं वेगळं दे. शेवटी दोन्ही दिलं. आमची बायको पाटावर बसली, मांडीवर टॉवेल, त्यावर पांढरी टोपी, वर लुगडं. खळ्यातल्या बायका पोट धरून हसत होत्या आणि पोर सगळ्यांत जास्त. मला काहीच मिळालं नाही. सोबतीला आलेल्याला काही द्यायची रीत नाही म्हणे.

व्याह्याने बैलगाडी जुंपून आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं. तीनची गाडी गेलेली होती. पुढची मिळाली ती खचाखच. दोघींना कशीबशी एक सीट मिळाली, मी दांडीला धरून उभा. पोर खालून माझ्याकडे बघत म्हणाली, "आबा, मला न्यायला आला होतात का शर्यत जिंकायला?"

मी म्हटलं, "शर्यत जिंकायला."

"मग हरलात की."

"हरलो नाही. उशीर झाला."

ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. नेरपर्यंत हसतच होती, मग झोपली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. ओट्यावर भाऊ मांडी घालून बसलेला, शेजारी त्याची पोर, हातात थाळी. आम्हाला कोपऱ्यावर बघताच त्याने थाळी बडवायला सुरुवात केली. "आले, आले! दुसरे आले! बाद झालेली जोडी आली!"

मी म्हटलं, "जोडी कुठली? आम्ही तिघं आलोय." तो काही म्हणणार, तोवर त्याचं लक्ष माझ्या मागे गेलं आणि थाळी त्याच्या हातातच राहिली. माझी पोर काकाच्या पाया पडायला वाकत होती. तो "बस्स, बस्स" म्हणत आत निघून गेला. नाक शिंकरत. ही गोष्ट तो लग्नात सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाला झोका बांधला. बायकोने दार सताड उघडं ठेवलं. आम्ही भाऊ-भाऊ ओट्यावर पत्ते खेळत होतो आणि पोरींची गाणी गल्लीच्या टोकापर्यंत जात होती. माझी पोर उंच झोका घ्यायची. लहानपणीही घ्यायची, तेव्हा मी ओरडायचो. त्या दिवशी ओरडलो नाही, आणि पत्त्यांचा एक डाव हरलो.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी साक्रीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर व्याह्याचा निरोप आला: "यंदा मुराई एकलीच वनी तरी चाली. आबाले घर राखू द्या."

मी गेलो. चपलेचा अंगठा तिने तेव्हाही शिवून घेतलेला नव्हता, आणि पिशव्या कुणीतरी धरायला हव्याच होत्या.